आधी केमो कुणाला?



‘शस्त्रक्रियेआधी केमो म्हणजे वेळेचा अपव्यय’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान तोंडाच्या कर्करोगात सरसकट लागू होत नाही. गालाच्या कर्करोगाची सूज डोळ्याखालच्या हाडापर्यंत गेली, तोंड बोटभरही उघडेना, तर निरोगी कड राखून गाठ काढणे सर्जनला जमतच नाही. अशा ७२१ रुग्णांना मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आधी केमो दिली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४३ टक्के रुग्णांची गाठ काढण्याजोगी झाली. ही संधी नाकारायची कशी?

गाठ आजच निघत असेल, तर मात्र थांबू नये. शांघायमधील २५६ रुग्णांच्या २०१३च्या चाचणीत आधीच्या केमोने आयुर्मान वाढले नाही. इटलीतील २००३च्या चाचणीतही नाही. तिथे जबडा कापावा लागणाऱ्यांचे प्रमाण मात्र ५२ वरून ३१ टक्क्यांवर आले.

खरी काळजी पुढची. केमोच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ठणका थांबतो, भाकरी गिळता येते, आणि रुग्ण ‘आता बरंय’ म्हणत गावी निघून जातो. घरच्यांनी तेव्हाच हट्ट धरून त्याला शस्त्रक्रियेला न्यावे. नाहीतर आत उरलेला कर्करोग पुन्हा वाढतो.

— एक वाचक, नांदेड