‘लो सोडियम’ मीठ: किडनीच्या रुग्णांनी बातमी पूर्ण वाचावी

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचे मीठ वापरण्याची शिफारस केली. बातमी खरी आहे. मात्र या शिफारशीतून किडनीचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले वगळली आहेत, आणि नेमके तेच वाक्य फॉरवर्ड होताना गळते.

या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. किडनी अशक्त असेल तर पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, कधी कधी आधी काहीही न जाणवता. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी हा धोका वाढतो. सैंधव हाही पर्याय नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

मग कात्री कुठे लावायची? जुन्नर-आंबेगावच्या घरांत भाजीपेक्षा आधी ताटाची डावी बाजू बघा: लोणचे, ठेचा, पापड. दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा सपाट चमचा, आणि त्यात हे सगळे धरायचे. पापडखारातही सोडियमच असते, चव खारट लागो न लागो. सॉसच्या बाटलीवर १०० ग्रॅममागे १,००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर ते अडीच ग्रॅम मीठ झाले. नारायणगावचा ताजा टोमॅटो त्यापेक्षा बरा, पण त्यातही पोटॅशियम आहे. किती चालेल ते तुमच्या रिपोर्टवर ठरते.

ठेचा मिठाशिवाय कुटा. लसूण आणि भाजलेले जिरे वाढवा, चार दिवस अळणी लागेल.

‘लो सोडियम’ मीठ आधीच सुरू केले असेल तर थांबवा, डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या.