दुरुस्तीनंतर अडून बसलेली गाडी



रोजमेळ जुळेनासा झाला की जाणता मुनीम वर्षभराची वही चाळीत बसत नाही. तो शेवटच्या नोंदी प्रथम तपासतो. काल जुळत होते आणि आज जुळत नाही, तर चूक या दोहोंच्या मध्येच कोठेतरी असणार. दुरुस्तीहून आलेली मोटार दुसऱ्या सकाळी चालू होईनाशी झाली, तर हाच न्याय लावावा. दुकान उघडण्याची वेळ झालेली असते, वडीलधाऱ्यांना डॉक्टरांकडे न्यायचे असते, आणि ‘नवी बॅटरी घ्या’, ‘इंजिनच गेले’ असे सल्ले आसपासहून येऊ लागतात. त्यापायी खर्चात पडण्यापूर्वी गॅरेजचे बिल हाती घ्यावे. कोणत्या भागाला हात लागला ते त्यात लिहिलेले असते, आणि दोष बहुधा त्याच्याच आसपास सापडतो.

आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. अनेक नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय चालू होत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’वर असावी लागते. त्यानंतर चावी फिरवून कान द्यावा.

दिवेही लागत नाहीत आणि आवाजही नाही, तर बॅटरीचे टर्मिनल पाहावेत. दुरुस्तीच्या वेळी ते सोडवतात आणि पुन्हा बसवताना कधी सैल राहतात. हाताने हलले, तर दोष सापडला असे समजावे. नुसती टकटक होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली असेल किंवा इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी नीट जोडलेली नसेल. गिअरबॉक्सच्या कामात ही पट्टी काढावी लागू शकते. थोडा वेळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. मीटर १२च्या खाली दाखवीत असेल, तर ती जवळजवळ रिकामी आहे.

इंजिन नेहमीसारखे फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. तेथे इंधन, ठिणगी किंवा एखाद्या सेन्सरचा सुटलेला प्लग पाहावा लागतो. डिझेल गाडीचा फिल्टर बदलला असेल, तर नळीत हवा अडकलेली असू शकते. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलुपाचे चिन्ह लुकलुकत राहिले, तर गाडीने चावी ओळखलेली नाही; दुसरी चावी लावून पाहावी.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. टायमिंग बेल्टचे काम झाले असेल आणि इंजिनाचा आवाज निराळा येत असेल, तर पुन्हा चावी फिरवूच नये. बेल्ट चुकीचा बसला असेल, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. घाटकोपरकरांना २०१४पासून अंधेरीकडे जाणारी मेट्रो दाराशी आहे. अशा दिवशी तिने जाणे गाडीच्याही हिताचे.

मेकॅनिकला दूरध्वनी करताना ‘तुम्ही बिघडवली’ असे न म्हणता, काय ऐकले आणि काय पाहिले ते सांगावे. तो तेवढ्यावरून योग्य हत्यार घेऊन येतो. नीट जोडणे हा त्या कामाचाच भाग आहे. म्हणून सैल राहिलेल्या जोडणीसाठी वेगळी मजुरी मागितल्यास बिल दाखवून सौम्यपणे नकार द्यावा. तरीही दाद न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी पक्के बिल हवे. चार पैसे वाचविण्यासाठी बिलाविना काम करून घेणाऱ्याजवळ अशा वेळी दाखवायला काहीच उरत नाही. गाडी ताब्यात घेतानाच बिल, बदललेले जुने भाग आणि गॅरेजच्या दारातच दोनदा बंद-चालू करून पाहिलेली गाडी, या तीन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात.