खरा खेळ पंधराव्या सीझनला

मंडळी, 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये नेटवरून वंडरकिड्सची यादी काढायची, चार पोरं स्वस्तात उचलायची आणि तिसऱ्या सीझनला कप जिंकायचा, याला साम्राज्य म्हणत नाहीत. पंधराव्या सीझनपर्यंत ओळखीची नावं बहुतेक रिटायर होतात. उरतात ती गेमनेच जन्माला घातलेली पोरं. यादी संपली! आता कामाला येते ती तुमची युवा अकादमी, तुमचे स्काउट्स, आणि तिशीकडे झुकलेला लाडका स्ट्रायकर भाव आहे तोवर विकायची हिंमत.

फर्ग्युसनने १९९५ च्या उन्हाळ्यात हेच केलं. इन्स, ह्यूज, कांचेल्स्किस तिघांनाही जाऊ दिलं आणि बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधूंवर भरवसा टाकला. पहिल्याच मॅचला ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असा मार खाल्ला. पण मे १९९६ मध्ये लीग आणि एफए कप, दोन्ही घरात!

आमच्या आयटीत नेमकं उलटं. एकाच 'हिरो'वर अख्खं प्रोजेक्ट, आणि त्याने पेपर टाकला की धावाधाव. बेंचवरच्या फ्रेशर्सना मैदानात कधी उतरवणार? माझं स्पष्ट मत आहे, पुढची टीम जिंकत असतानाच बांधायला घ्यावी. हरायला लागल्यावर तेवढा वेळ कोणी देत नाही.