वजन उतरले, कातडी मागे राहिली: इंजेक्शनांच्या काळातला न विचारलेला प्रश्न

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत संपली. त्याच्या आधीच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड 'मौन्जारो' या नावाने आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोवी' या नावाने वजन कमी करण्यासाठी आपल्याकडे विक्रीला आले होते. पेटंट संपल्यामुळे देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली. मुंबई-पुण्याचा वाटणारा हा विषय आता बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूरच्या रुग्णांच्याही तोंडी आहे.

दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: किती किलो उतरेल, किती खर्च येईल, किती दिवस घ्यावे लागेल? वजन उतरल्यानंतरचा प्रश्न मात्र फार उशिरा येतो, आणि तोही दार लोटून, हळू आवाजात. "डॉक्टर, वजन तर उतरलं, पण पोटाची कातडी लोंबायला लागली. आता हिचं काय करू?"

हा प्रश्न नटण्या-मुरडण्याचा नाही. तो जंतुसंसर्गाचा आहे, पैशाचा आहे, मनाचाही आहे. म्हणून वजन उतरवायला लागण्याआधीच तो समजून घ्या.

कातडी परत का बसत नाही?

त्वचेत कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. कोलॅजनमुळे मजबुती येते, इलॅस्टिनमुळे ताणून सोडल्यावर त्वचा पुन्हा जागेवर येते. नव्या चड्डीचे इलॅस्टिक ताणून सोडले की परत येते, पण दहा वर्षे ताणलेले इलॅस्टिक सैलच राहते. त्वचेचेही तसेच होते.

कोणाची त्वचा किती सैल पडेल, हे काही गोष्टींवर ठरते: वजन किती वर्षे जास्त होते, किती उतरले, किती झपाट्याने उतरले, वय किती, बाळंतपणे किती झाली, उन्हातले काम किती आणि तंबाखू-बिडीची सवय आहे का. थोडा भाग आनुवंशिक असतो. त्यामुळे शेजाऱ्याचे पोट सपाट झाले आणि तुमचे लोंबले, यात तुमची चूक नाही.

किती वजन उतरल्यावर काय अपेक्षा ठेवावी?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के उतरले. २०२२ च्या चाचणीत टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के उतरले. म्हणजे १०० किलोच्या माणसाचे १५ ते २१ किलो. एवढ्यात चेहरा ओघळल्यासारखा दिसणे, दंड आणि पोट थोडे सैल पडणे सर्रास दिसते. तरुण वयात यातले बरेचसे वर्ष-दीड वर्षात आवरते. चाळीस-पंचेचाळीस किलो उतरले, तर मात्र पोट, मांड्या, दंड आणि छाती यांवर खऱ्या अर्थाने घड्या पडतात. त्या व्यायामाने पूर्ण जात नाहीत.

विदर्भाला जवळचे उदाहरण नितीन गडकरींचे. २०११ मध्ये त्यांनी मुंबईत बेरिएट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली. २०२२ मध्ये उज्जैनच्या कार्यक्रमात, आपले वजन आधी १३५ किलो होते आणि आता ९३ आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले आणि तिथल्या खासदारांनाही वजन उतरवण्याचे आव्हान दिले. मोठ्या नेत्याने हे उघडपणे बोलणे चांगलेच झाले. पण असे आकडे ऐकताना आपण टाळ्या वाजवतो आणि थांबतो. चाळीस किलो वजन उतरवलेल्या सामान्य माणसाला पुढे त्वचेची कोणती काळजी घ्यावी लागते, हे त्याला कोणी सांगत नाही. इंजेक्शनांच्या जाहीर चर्चेत आज नेमकी हीच उणीव आहे.

आधी एक खात्री करा: वजन ठरवून उतरले आहे ना?

आहार बदलला नाही, औषध घेतले नाही, तरी सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरले आणि कातडी सैल पडली, तर त्याचे कौतुक करू नका. टीबी, वाढलेली शुगर, थायरॉइड आणि काही कर्करोग असेच सुरू होतात. आधी तपासणी करून घ्या.

झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केसही गळतात. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक टक्कल पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे केस गळले की लोक लगेच घाबरतात. वजन उतरल्यानंतरचे गळणे वेगळे असते. केस सगळीकडून विरळ होतात आणि आहार सुधारल्यावर बहुतेकांचे परत येतात. चकत्या पडून किंवा आठवड्याभरात केस गेले, तर दाखवा.

घडीतली त्वचा आणि आपला उन्हाळा

घाटावर थोडे सुसह्य असते. घाटाखाली, म्हणजे शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोदकडे, एप्रिल-मे महिन्यांत अंगाची लाही होते. घडीत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, आधी लाली येते, मग खाज, मग बुरशी. मधुमेह असेल तर हे लवकर होते आणि लवकर बरे होत नाही.

रोज करण्याजोगे इतकेच:

- अंघोळीनंतर घडी उचलून मऊ सुती कापडाने टिपून पूर्ण कोरडी करा. घासू नका.
- घाम येणारे काम असेल तर घडीत धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला.
- घासणाऱ्या जागी व्हॅसलिन किंवा झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावा. पावडर थापू नका, घामात तिचे गोळे होतात आणि ते आणखी घासतात.
- अंगाबरोबर बसणारी, मांडीपर्यंतची सुती चड्डी वापरा. पोटाचा पट्टा चालताना बरा वाटतो, पण तो रात्री काढा. पट्ट्याने त्वचा आकसत नाही.

महिलांसाठी एक वेगळी सूचना. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ घडीत रुतू देऊ नका. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन महिलांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधल्याने झालेल्या जखमेत त्यांना त्वचेचा कर्करोग झाला होता. हे दुर्मीळ आहे, घाबरू नका. पण नाडीऐवजी रुंद पट्टीचा सैलसर परकर वापरा आणि कमरेवरची जखम महिनाभरात भरली नाही तर दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. खाज आली की दुकानातून मिक्स मलम आणू नका. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर अनेकदा स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम पडतो, मग बुरशी पसरते आणि आधीच ताणलेली कातडी आणखी पातळ होते. स्टेरॉइडच्या मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री होऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती सहज मिळतात. म्हणून ट्यूबवर काय लिहिले आहे ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावे दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

तेल, क्रीम, मशीन

खोबरेल तेलाने त्वचा मऊ राहते, तेवढाच त्याचा फायदा. कोणतेही तेल किंवा क्रीम मोठी घडी आवळू शकत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीसारख्या मशीनने थोडी सैल त्वचा काहीशी घट्ट होऊ शकते, लोंबणारे पोट नाही. नुसते लायपोसक्शन केले तर आतली चरबी जाते आणि वरची त्वचा आणखी सैल दिसते. 'दहा सिटिंगमध्ये हमखास' असे पॅकेज घेण्यासाठी कर्ज काढू नका.

स्नायू वाचवा

वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. इंजेक्शनांवरच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनाचा साधारण पाव ते चाळीस टक्के भाग चरबीशिवायचा होता. स्नायू गेले की कातडी आणखी रिकामी दिसते आणि अशक्तपणाही येतो.

इंजेक्शनने भूक मरते, म्हणून जे दोन घास खाल त्यांत प्रथिने आधी घ्या. आदर्श वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे एक ग्रॅम, म्हणजे बहुतेकांना ६० ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा. डाळ, चवळी, मूग, पिठले, अंडी, दही, शेंगदाणे हे घरचेच पदार्थ आहेत. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकते, पण ते बाजारात जाते, ताटात येत नाही. नीट शिजवून किंवा वड्यांच्या रूपात ते जरूर खा, कच्चे नको.

विदर्भात डॉ. श्रीकांत जिचकार आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे दोन वेळा जेवण्याची पद्धत घराघरांत माहीत आहे. ती पाळत असाल तर प्रथिने त्या दोनच जेवणांत बसवावी लागतील. मधुमेहाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांशी बोलूनच करा. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे.

शस्त्रक्रिया: कधी आणि कोणाकडून?

मोठी घडी खरोखर काढायची तर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. पण घाई नको. वजन किमान सहा महिने स्थिर हवे. बेरिएट्रिक शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे एका अभ्यासात दिसले. आधी कातडी कापून घेतली आणि वजन परत आले, तर पैसा आणि त्रास दोन्ही वाया. पुढे मूल हवे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतर करा.

हिमोग्लोबिन आणि शुगर सुधारून घ्या. तंबाखू, गुटखा, बिडी किमान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत बंद ठेवा, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाके उसवतात. इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. त्याने पोट उशिरा रिकामे होते. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कायमचा व्रण राहतो. पाणी साचणे, जखम उघडणे, पायात रक्ताची गाठ होणे हे धोके असतात.

ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जननेच, सुसज्ज रुग्णालयात करावी. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, पण या कामासाठी आज तरी नागपूर-मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतील प्लास्टिक सर्जरी विभाग किंवा शहरातले खासगी सर्जन असाच रस्ता धरावा लागतो. खासगीत खर्च लाखांत जातो.

विम्याची मेख

बहुतेकांना वाटते, विमा आहे म्हणजे झाले. विमा नियामकाच्या ठरावीक शब्दांनुसार सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणे आणि कर्करोगानंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. आणखी एक वाटही त्याच कलमात आहे: आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती गरजेची असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले तर. म्हणजे 'पोट वाईट दिसते' हे कारण चालणार नाही. 'घडीत वारंवार जखमा होतात, औषधाने बऱ्या होत नाहीत' हे कारण निदान मांडता येते.

म्हणून प्रत्येक वेळी चिठ्ठी जपा, जखमेचे तारखेसह फोटो ठेवा, वजनाची नोंद ठेवा आणि शस्त्रक्रियेआधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. महात्मा फुले योजनेबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. निव्वळ दिसण्यासाठीचा खर्च तिथून होईल, या भरवशावर राहू नका.

मला खटकते ते हे. वजन उतरवण्याचे औषध गावापर्यंत पोचते आहे, पण त्यानंतरच्या त्वचेचा उपचार कागदोपत्री हौसेत मोडतो. औषध लिहिणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी तरी हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

घरच्यांसाठी

"आजारी आहेस का?", "म्हातारी दिसायला लागलीस", "आधीच बरी होतीस" ही वाक्ये थट्टेत म्हटली तरी लागतात. अशा बोलण्याला कंटाळून काही जण पुन्हा वजन वाढवून घेतात. त्या माणसाची शुगर उतरली, दम लागणे थांबले, गुडघे हलके झाले, हे बोलून दाखवा. पती-पत्नीत संकोच आला असेल तर तो विषय टाळू नका. माणूस आरसा, लग्नसमारंभ, जेवण सगळेच टाळू लागला किंवा जगण्याबद्दल निराश बोलू लागला, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

लगेच दवाखान्यात या, जर

- घडीतली लाली झपाट्याने पसरत असेल, ताप असेल, पू किंवा घाण वास येत असेल.
- कातडी काळी पडली असेल किंवा असह्य दुखत असेल, मधुमेह असल्यास तर त्याच दिवशी.
- सैल पोटात फुगा येत-जात असेल. तो हर्निया असू शकतो. फुगा आत जात नसेल आणि उलट्या होत असतील, तर थांबू नका.

इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझे किती वजन उतरवायचे आहे, औषध थांबवल्यावर काय करायचे आणि कातडी सैल पडली तर माझ्यापुढे कोणते मार्ग आहेत? वजन उतरवण्याचा फायदा हृदयाला, शुगरला, सांध्यांना मिळतो, आणि कातडी सैल पडली म्हणून तो कमी होत नाही. फक्त ती सैल पडणार आहे, हे आधी माहीत असावे.