अर्धा तास कुणाच्या सकाळीतून कापणार?

जानेवारीच्या मध्यावर पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत सूर्य उगवतो तो सव्वासातच्या सुमारास. तोवर पहाटेच्या पहिल्या लोकलने निघालेला चाकरमानी विरारच्या पुढे गेलेला असतो आणि उंबरगावच्या कारखान्यात सातची पाळी धरणारा तलासरीचा कामगार मशिनपाशी उभा असतो. जूनअखेरीस मात्र आभाळ मोकळं असेल, तर बोर्डीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सव्वासात वाजून गेल्यावरही चांगला उजेड असतो. सकाळ उशिरा, संध्याकाळ लांब, असा या पट्ट्याचा हिशेब घड्याळानेच घालून दिला आहे.

भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. डहाणू आहे पावणेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे डहाणूचा सूर्य घड्याळाच्या साधारण ३९ मिनिटं मागे. इथे तो माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. दुपारनंतरचा उजेड वाढावा म्हणून जगात ठिकठिकाणी घड्याळं पुढे सारली जातात. डहाणू-तलासरीला तो वाढीव उजेड न मागता मिळालेला आहे, आणि त्याची किंमतही सकाळच्या अंधारात रोज मोजली जाते.

म्हणूनच देशाचं घड्याळ आणखी अर्धा तास पुढे न्यावं, ही सूचना इथल्या माणसाने कान टवकारून ऐकावी अशी आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील दिलीप आहुजा आणि डी. पी. सेनगुप्ता यांनी ती गंभीरपणे मांडली. संध्याकाळी दिवे उशिरा लागतील, ऐन मागणीच्या वेळचा विजेवरचा ताण उतरेल आणि वर्षाला दोन अब्जांहून अधिक युनिट वाचतील, असा त्यांचा हिशेब. देशाचे दोन वेळविभाग केले तर सीमेवर गोंधळ होईल, त्यापेक्षा सगळ्यांनीच थोडं सरकावं, हा त्यामागचा विचार.

पूर्वेची तक्रार खोटी नाही. गुवाहाटीत जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारलाच मावळतो. आसामच्या मळ्यांनी यावर आपला तोडगा काढला. तिथे 'चायबागान वेळ' प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालते, आणि १९५१ च्या मळा कामगार कायद्यात अशा स्थानिक वेळेला जागाही होती. स्वतंत्र वेळविभागासाठीची याचिका गौहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. पुढच्याच वर्षी, देशाची वेळ राखणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढचा दुसरा विभाग शक्य असल्याचं दाखवलं आणि त्याची सीमा आसाम-बंगालच्या अरुंद पट्ट्यात सुचवली.

गुवाहाटी आणि डहाणू यांच्या सूर्यात सव्वा तासाचं अंतर आहे. देशभर अर्धा तास सरकवल्याने गुवाहाटीचं दुखणं पुरतं जात नाही, आणि डहाणूचं मात्र वाढतं. जानेवारीतला सूर्योदय पावणेआठवर जाईल. सातची पाळी, सातची शाळा, सातची बस, सगळं काळोखात.

मुंबई इलाख्याने हे भांडण एकदा भांडून पाहिलं आहे. रेल्वे तेव्हा मद्रास वेळेवर धावे. डहाणूच्या सूर्यापेक्षा ती सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईवर लादली आणि दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा घड्याळाच्या आडून मालक कामाचे तास वाढवणार या संशयाने हजारो गिरणी कामगार रस्त्यावर आले, दगडफेक झाली. मुंबई महापालिका तर १९५५ पर्यंत जुनी 'मुंबई वेळ' धरून बसली. या हट्टात परक्या सरकारचा राग होताच. पण ३९ मिनिटं कुणाच्या झोपेतून जाणार, हे कामगाराला अचूक कळलं होतं.

आज तो अर्धा तास कुणाचा जाईल? कोळ्यांचा नाही. डहाणू, चिंचणी, झाईच्या बोटी भरती-ओहोटीवर चालतात, आणि उधाण-भांग चंद्राकडून ठरतं. चिकूच्या वाडीतही फळाची तोड उजेड पाहून होते. घड्याळाचा जाच होतो तो ज्याची वेळ दुसरा कुणी ठरवतो त्याला. त्यात लोकलचा प्रवासी आला, कारखान्यातला कंत्राटी कामगार आला, आणि पाड्यावरून पायवाटेने शाळेला निघणारी पोरंही आली. उन्हाचाही प्रश्न आहे. आज एक ते दोनची जेवणाची सुट्टी माथ्यावरच्या उन्हाशी बऱ्यापैकी जुळते. घड्याळ पुढे गेलं की उन्हाचा कडाका घड्याळातल्या आणखी उशिराच्या तासांत सरकेल, आणि रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजुराची पाळी तिथवर पोचलेली असेल.

उलट बाजूने म्हटलं जातं की संध्याकाळचा उजेड मुलांना खेळायला मिळेल, बायांना निर्धास्त घरी परतता येईल. युक्तिवाद वजनदार आहे, पण तो गुवाहाटीसाठी. डहाणूत सूर्य वर्षातल्या कुठल्याही दिवशी सहाच्या फारसा आधी मावळत नाही.

झोपेचं काय? कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करताना मौलिक जगनानी यांनी भारतातली आकडेवारी तपासली. जिथे सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथली मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, कारण निजायची वेळ लांबते पण शाळेची घंटा लांबत नाही, असं त्यांना आढळलं. वार्षिक सरासरी सूर्यास्त तासाने लांबला की शिक्षणाचं सुमारे ०.८ वर्ष कमी होतं, असा त्यांचा अंदाज आहे. हा फटका गरीब घरांत अधिक बसतो. देशाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आदिवासी तालुक्यांनी संध्याकाळ आणखी लांबवण्याआधी हे वाचायला हवं.

वीजबचतीचा हिशेबही जुना झाला आहे. तो मांडला गेला तेव्हा घरोघरी पिवळे बल्ब आणि ट्यूबलाइट होत्या. २०१५ च्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. दिव्यांवरचा खर्चच आटला, तेव्हा त्यातून होणारी बचतही आटणार.

बाहेरचा अनुभवही पाहा. अमेरिकेने जानेवारी १९७४ पासून तेलटंचाईपायी वर्षभर घड्याळ एक तास पुढे ठेवायचं ठरवलं. मुलं अंधारात शाळेला निघू लागली, पालक संतापले आणि त्याच ऑक्टोबरात हिवाळ्यापुरतं घड्याळ मागे आलं. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ स्वीकारली, २०१४ मध्ये सोडली. स्पेन १९४० पासून जर्मनीच्या वेळेवर अडकला आहे. तिथे रात्रीची जेवणं किती उशिरा होतात हे जगजाहीर आहे.

मग पश्चिमेलाच वेगळा वेळविभाग द्यावा का? तेही नको. तलासरीचा माणूस कामाला उंबरगावला, बाजाराला वापीला आणि उपचाराला सिल्वासाला जातो. राज्यसीमेवरच्या अच्छाडच्या नाक्यावर घड्याळ बदलायचं म्हटलं तर एकाच घरात दोन वेळा नांदतील. वेळेची सीमा जिथे ये-जा तुरळक तिथेच आखावी. ईशान्येसाठी सुचवलेल्या सीमेचं हेच बलस्थान आहे, आणि केंद्राने ती मागणी सामरिक कारणं पुढे करून मिटवून टाकू नये.

इथे बदलायची ती घंटा. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. घड्याळाला हातही न लावता लहानग्यांना झोप मिळाली. आदिवासी विकास विभागाने मात्र २०२३ मध्ये आश्रमशाळांची वेळ अकरावरून पावणेनऊवर आणली आणि शिक्षक-पालकांचा रोष ओढवून घेतला. पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांसाठी माध्यमिक शाळा आणि आश्रमशाळांचं वेगळं वेळापत्रक असावं, सकाळचं सत्र आठच्या आधी भरू नये. उन्हाळ्यात रोजगार हमीची कामं सूर्योदयाला सुरू होऊन अकराला थांबावीत. यासाठी संसदेत कायदा लागत नाही. जिल्हा परिषद, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि जिल्हाधिकारी यांनी प्रस्ताव मंत्रालयात रेटला, तर येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारपासून शाळांचं नवं वेळापत्रक सुरू करता येईल.