‘बजेटच्या मानाने बरा’

समुद्रातून एखादा राक्षस वर येतो, मचव्यावरचे दोघे-तिघे खातो, शेवटी स्फोटात नाहीसा होतो. असा एखादा स्वस्तातला परदेशी चित्रपट हिंदी आवाज चढवून दूरचित्रवाणीवर दाखवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मते पडतात. ही मते मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: वर्गात, प्राध्यापकांच्या खोलीत, कर्जत लोकलच्या डब्यात. त्यांचे प्रकार तीनच. पहिले मत: ‘काय ते रबर, चेन दिसत होती मागची!’ दुसरे, जरा शिकलेल्याचे: ‘इतका वाईट आहे की मजा येते.’ आणि तिसरे, जे सर्वांत समंजस समजले जाते: ‘बजेटच्या मानाने बरा आहे हो.’

माझे भांडण तिन्हींशी आहे, पण तिसऱ्याशी विशेष. पहिला निदान फसवले गेल्याची तक्रार करतो, म्हणजे फसायची त्याची तयारी होती. दुसऱ्याची तीही नाही. तो आपली अभिरुची जपत हसतो. तिसरा मात्र कलाकृतीपुढे हिशेबनीस होऊन बसतो. किती पैसे घातले, त्या मानाने किती भीती निघाली! गवताच्या गंजीचा भाव करावा तसा भयाचा भाव करतो. आणि हे वाक्य उदार वाटत असल्यामुळे त्याचा प्रतिवाद कोणी करत नाही. 2024 साली आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला तेव्हा संगणकावर घडवलेल्या त्या पोराविषयी हेच वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले की मुंजाची मूळ लोककल्पना काय, सोडमुंज होण्याआधी मेलेल्या मुलाचीच वासना झाडावर का बसते, हे विचारायला कोणाला उसंत नव्हती.

आमच्या भागात हे मत जरा जास्तच पक्के आहे, आणि त्याचे कारणही आहे. चौकहून कर्जतकडे येताना नितीन देसाई यांनी 2005 साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ लागतो. जग त्याला ‘कर्जतचा’ म्हणते, गाव मात्र खालापूर तालुक्यातले. ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथे प्लास्टर ऑफ पॅरिस आणि प्लायवूडमधून उभा राहिला. पलीकडे खोपोलीजवळ 2013 पासून इमॅजिका आहे; तिथे तिकीट काढून सलीमगढ नावाच्या अंधाऱ्या वाड्यात घाबरून घेता येते. भिंत पोकळ असते, तोफ फायबरची असते, हे आमच्या पोरांना शाळेतच कळते. खोटेपणा ओळखणे हे म्हणून इथे शहाणपणाचे लक्षण झाले आहे. पण ज्या सुतारांनी ती भिंत उभारली ते तिला ‘खोटी’ म्हणून हसत नाहीत. ती कॅमेऱ्यात उभी राहते की नाही एवढेच ते पाहतात. हसतो तो भिंत नुसती पाहायला आलेला.

प्रेक्षकांचे मत म्हणजे क्षुद्र गोष्ट असे मी म्हणतो आहे असा गैरसमज नको. आपल्याकडच्या स्वस्त राक्षसपटांची अख्खी परंपरा एका प्रेक्षकमतातून जन्मली. 1970 साली रामसे कुटुंबाचा ‘एक नन्हीं मुन्नी लडकी थी’ पडला. पण भयानक मुखवटा घातलेला पृथ्वीराज कपूर चोरी करायला शिरतो, त्या एका प्रसंगापुरते लोक थिएटरात येत होते, हे त्या भावांच्या ध्यानात आले. त्यांनी तो प्रसंग ठेवला आणि बाकीचे टाकून दिले. 1972 मध्ये महाबळेश्वरला घरचीच माणसे घेऊन ‘दो गज़ जमीन के नीचे’ काढला, आणि पुढे ‘पुराना मंदिर’ (1984), ‘वीराना’ (1988). आता पाहा, 1970 च्या त्या प्रेक्षकाने बजेट विचारले नव्हते. तो एका क्षणाकरता पुन्हा तिकीट काढत होता. समीक्षेचे याहून प्रामाणिक कृत्य मला ठाऊक नाही! रामसेंना पुढे वर्तमानपत्रांनी जे लेखले नाही त्याचा जाब त्या प्रेक्षकाकडे मागता येत नाही.

परदेशातही गोष्ट फार निराळी नाही. रॉजर कॉर्मन यांनी 1954 साली समुद्रतळाच्या राक्षसावर चित्रपट काढला तो किरकोळ पैशांत, एकडोळ्या बाहुलीवर. त्याच वर्षी जपानमध्ये ‘गोजिरा’ आला. राक्षस म्हणजे जाड पोशाखात घामाघूम झालेला माणूस, भोवती छोट्या प्रमाणात बांधलेले टोकियो. पण मार्च 1954 मध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती, आणि चित्रपट नोव्हेंबरात लागला. तिथल्या प्रेक्षकाला पोशाखाची शिवण दिसली नसेल काय? दिसली असणारच. तिच्या आत काय शिवले आहे हेही त्याला दिसत होते. (‘जॉज’मधला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात बिघडला म्हणून स्पीलबर्गने तो कमी दाखवला आणि म्हणून भीती वाढली, ही कथा प्रत्येक चित्रपट-रसास्वाद शिबिरात सांगितली जाते. कथा खरी आहे, पण तिच्यावरून ‘राक्षस दाखवूच नये’ असा नियम काढणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. लोकांना राक्षस पाहायचा असतो. पाहू द्यावा.)

आणि हे सारे शिकायला आपल्याला जपानला जाण्याची गरज नव्हती. कोकणाला स्वतःचा सागरी राक्षस आहे, आणि तोही अत्यंत स्वस्त. संकासुर! वेद पळवून समुद्रात दडलेला शंखासुर, ज्याच्यासाठी विष्णूला मत्स्य व्हावे लागले. दशावतारात आणि नमन-खेळ्यांत तो येतो तो अंगभर काळा कपडा, डोक्यावरून काळी टोपी ओढलेली, एवढ्या भांडवलावर. तो हसवतो आणि पोरांना घाबरवतोही. पुढे बसलेले मूल आईच्या पदरात शिरते, त्याच वेळी मागे बसलेला म्हातारा त्याच्या कोटीवर हसतो. कपडा कोणत्या मापाचा यावर मत देणारा तिथे कोणी नसतो. मत असते ते ‘आजचा संकासुर रंगला’ किंवा ‘नाही रंगला’ असे.

भरतमुनींचेही म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात ‘पुस्त’ येते: चटया, कापड, कातडे यांतून पर्वत, रथ, विमाने कशी करावीत. जड धातूच्या वस्तू वापरू नयेत, नट थकतो, असे ते व्यवहारी भाषेत बजावतात. लाख, अभ्रक, बांबू चालेल. भयानक रसाच्या विभावांत ओसाड घर येते, अरण्य येते, घुबडाचा आणि कोल्ह्याचा आवाज येतो. खर्चाचे नाव नाही. रसचर्चा तोंडपाठ असलेले आमचे सहकारी रबरी राक्षस दिसताच भरताला कपाटात ठेवतात, हे मला अनाकलनीय आहे. तेच सहकारी नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचताना मात्र निमूट घाबरतात. अर्थात पुस्तकात राक्षसाला चिमणीपेक्षा जास्त शाई लागत नाही, म्हणून तिथे हिशेब सुचत नसावा. असो.

तर मुद्दा असा की भय कशाचे, हा प्रश्नच या मतांतून वगळला जातो. समुद्रराक्षसाच्या बहुतेक चित्रपटांत एक स्थानिक माणूस असतो: म्हातारा कोळी, बेटावरचा आदिवासी. तो आरंभी सांगतो, ‘तिकडे जाऊ नका.’ त्याचे कोणी ऐकत नाही, आणि पुष्कळदा पहिला बळी त्याचाच. शिवण दिसली म्हणून बोंब मारणाऱ्या एकाही प्रेक्षकाला या माणसाविषयी तक्रार करताना मी ऐकलेले नाही. कर्जत-खालापुरात बसून हे ऐकू न येणे मला खटकते. इथे समुद्र नाही, पण पाणी आहे: उल्हास, पाताळगंगा, आणि पावसाळ्यात दर कड्यावरून कोसळणारे धबधबे. दरवर्षी शहरांतून लोक येतात, दरवर्षी प्रशासन धबधबे आणि धरणांवर बंदीचे आदेश काढते, गावकरी ‘तिकडे जाऊ नका’ म्हणतात, आणि दरवर्षी गावचीच पोरे दोर बांधून डोहात उतरतात, प्रेत काढायला.

या पाण्यासाठी इथल्या भाषेत एक शब्द होता: गिऱ्हा. बुडून मेलेल्याचे भूत. रात्री वाटसरूला चकवून पाण्यात नेणारे. 1909 साली नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात मारले गेलेले जॅक्सन लोकसमजुती गोळा करत होते, गावोगावच्या शाळामास्तरांकडून. त्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनी कोकणचा जो खंड 1915 मध्ये सिद्ध केला त्यात वेताळ, मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ यांच्याबरोबर गिऱ्हाही आहे, आणि माहिती देणाऱ्यांत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या चौकचे मास्तरही आहेत. सरकारी प्रश्नांना उत्तरे लिहिणाऱ्या त्या मास्तरांनी गावाला काय वाटते ते उतरवून दिले. आज त्याच चौकच्या आसपासचा आमचा विद्यार्थी गिऱ्हा या शब्दाला थबकतो, आणि डबिंग केलेल्या ऑक्टोपसच्या ग्राफिक्सवर दहा मिनिटे बोलतो.

त्याच चौकच्या वर, इर्शाळगडाच्या पायथ्याशी, 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळून इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे न सापडताच चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. धोकादायक गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले. त्या डोंगराविषयी, त्या रात्रीविषयी उद्या कोणी चित्रपट काढील, बहुधा थोड्या पैशांत. दरड थर्माकोलची असेल.

तो पाहून आलेल्या विद्यार्थ्याला मी काय विचारावे? ग्राफिक्स कसे होते, हे विचारणार नाही. त्याने काय पाहिले, कोणाची भीती पाहिली, वाडीतल्या माणसाला पटकथेत किती वाक्ये होती, ती त्याच्या बोलीत होती की पुस्तकी, आणि ती ऐकणारा पडद्यावर कोणी होता का, हे विचारीन. उत्तर दोन ओळींचे आले तरी चालेल. ‘बजेटच्या मानाने’ असा आरंभ झाला तर कागद परत देईन.