सुटीत बंबखाना पाहावा

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना मुंबई दाखवावयास आणणारी मंडळी राणीची बाग आणि चौपाटी पाहून समाधानाने परततात. परंतु त्याच बागेपासून जवळ, भायखळ्यास, अग्निशमन दलाचे जे मुख्यालय अहोरात्र जागे असते, तिकडे त्यांची पावले क्वचितच वळतात. ती वळली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

रीतसर परवानगी काढून भाच्यांसह मी तेथे गेलो असता, बंबाच्या कप्प्यांत रचलेल्या होज आणि पुसून लखलखीत ठेवलेली नोझले पाहण्यात मुले रमली. माझे लक्ष मात्र एका जवानाने पाठीवर चढवून दाखविलेल्या हवेच्या नळकांड्याने वेधून घेतले. धुराने कोंदलेल्या घरात शिरताना बरोबर नेलेली ही हवा जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरते, श्रमाने श्वास वाढला की त्याहूनही लवकर सरते, आणि मापकाच्या काट्यावर नजर ठेवूनच त्याला माघारी फिरण्याचा हिशेब करावा लागतो. आपण जिन्यात रचलेली अडगळ ओलांडण्यात जो वेळ जातो, तो या मोजक्या श्वासांतूनच वजा होतो.

दुसऱ्यांच्या कसुरीची किंमत या दलाने फार मोठी मोजलेली आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरील कापसाने पेट घेतला, तेव्हा पोटात सुमारे 1400 टन स्फोटके असूनही त्या जहाजावर धोक्याचे लाल निशाण चढविलेले नव्हते. आग विझविण्यास धावलेले दलाचे 66 जण त्या स्फोटांत कामी आले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे मे 2015 मध्ये काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीतील आगीने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी हिरावून नेले.

हे ऋण केवळ गौरवाच्या भाषणांनी फिटणारे नव्हे. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याने मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. परंतु तो कागद दफ्तरी दाखल झाला आणि जिना मात्र अडलेलाच राहिला, तर कायद्याचा हेतूच विफल झाला असे म्हणावे लागेल. म्हणून महापालिकेने सुटीच्या दिवसांत प्रत्येक केंद्रावर ठराविक वेळ राखून ठेवावी, शाळांमार्फत मुलांना तेथे बोलवावे, आणि 101 वर वर्दी देताना पत्ता व जवळची खूण कशी सांगावी, हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. तेथे जाऊन आलेले मूल, जिन्यात ही पेटी कोणाची म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारील, आणि तो प्रश्न कोणत्याही सरकारी नोटिशीहून अधिक परिणामकारक ठरेल.